उंबऱ्याआंतला गंज

जी वस्तु परीक्षकाच्या दृष्टीस कधींच पडणार नाहीं तिच्याविषयीं आपण कोणास उत्तरदायी असतों, हा प्रश्न आम्हांस नीतिशास्त्रावरील एखाद्या ग्रंथांत भेटला नाहीं; तो इंग्लंडांतील कॉव्हेंट्री शहरीं, एका जुन्या जपानी मोटारीच्या पोटाखालीं, गालिच्याच्या तुकड्यावर उताणे पडलों असतां भेटला, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. तत्त्वविचारास इतकें तेलकट स्थान शोभत नाहीं असें ज्यांस वाटेल त्यांनीं आम्हांस क्षमा करावी. आमचें वय मोटारीखालीं शिरण्याचें नव्हे; परंतु भाच्यानें "मामा, हें तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनीं पाहाच," असा आग्रह धरिला, आणि बहिणीच्या मुलाचा आग्रह मोडण्याचें धैर्य आमच्या अंगीं कधींच नव्हतें.

हा आमचा भाचा नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षें तेथें राहिला आहे. २०२३ सालच्या वसंतांत आम्ही त्याच्याकडे गेलों तेव्हां त्यानें दोन हजार पौंडांस एक गाडी नुकतीच घेतली होती: १९९० सालची, तांबडी, उघड्या टपाची, दोनच माणसें बसतील अशी. ती हिरोशिमाच्या माझदा कारखान्याची. या जातीची पहिली गाडी १९८९ च्या फेब्रुवारींत शिकागोच्या प्रदर्शनांत लोकांपुढें आली. जपानांत तिला यूनोस रोडस्टर हें नांव मिळालें, इतरत्र एम्. एक्स्. ५. इंग्रजांनीं १९६० च्या सुमारास ज्या हलक्या, उघड्या, दोन आसनांच्या गाड्या काढल्या त्यांचें रूप डोळ्यांपुढें ठेवून ती घडविलेली होती. आणि तशा गाड्या करणाऱ्यांपैकीं ट्रायम्फचा कारखाना खुद्द कॉव्हेंट्रींतलाच. म्हणजे जी हौस त्या शहरानें जगास लावली आणि पुढें स्वतः सोडून दिली, ती जपानचा वळसा घेऊन त्याच शहराच्या एका गल्लींत पावसांत उभी होती. आम्हांस मोटारींतलें कांहीं कळत नाहीं. पण तिचे दिवे डोळ्यांच्या पापण्यांप्रमाणें उघडतात व मिटतात हें पाहून आम्हांसही थोडें हंसूं आलें.

ती इंग्लंडांत आली कशी, याची हकीकतही आमच्या विषयास लागून आहे. जपानांत १९५१ च्या कायद्यापासून मोटारींची ठराविक मुदतीनें तपासणी होते. तिला ते लोक शाकेन म्हणतात. खासगी गाडी नवी असतां पहिली तपासणी तीन वर्षांनीं, आणि पुढें दर दोन वर्षांनीं. तपासणीचा खर्च मोठा, तिजबरोबर करही भरावा लागतो, आणि तेरा वर्षें उलटलेल्या गाडीवर तर आज तेथें अधिक कर बसतो. त्यामुळें धडधाकट गाड्याही मालकांस नकोशा होतात आणि जहाजांत बसून न्यूझीलंड, पूर्व आफ्रिका, इंग्लंड अशा, रस्त्याच्या डाव्या बाजूनें वाहनें चालविणाऱ्या देशांकडे निघतात. आमच्या भाच्याची गाडी अशीच दहाव्या वर्षीं देशांतर करून आली. वेगमापकावरील किलोमीटरांचे मैल झाले, मागें धुक्यांत लावावयाचा तांबडा दिवा बसविण्यांत आला, आणि ती कागदोपत्रीं इंग्रज झाली. पूर्वींच्या गांवीं तिनें बर्फ पाहिलेलें नव्हतें. इंग्लंडांत हिवाळ्यांत रस्त्यांवर मीठ पसरतात. आणि मिठाचें व लोखंडाचें वैर जुनें आहे.

इंग्लंडांतील तपासणीस एम्. ओ. टी. म्हणतात. हीं वाहतूकखात्याच्या जुन्या नांवाचीं आद्याक्षरें. खात्याचें तें नांव गेलें, अक्षरें मात्र लोकांच्या तोंडीं राहिलीं. अर्नेस्ट मार्पल्स हे मंत्री असतां १९६० सालीं ही तपासणी सुरू झाली. प्रथम ती दहा वर्षांवरील गाड्यांनाच लागू होती, आणि ब्रेक, दिवे व सुकाणू एवढेंच तींत पाहत. परंतु इतक्या गाड्या नापास होऊं लागल्या कीं सरकारनें पुढच्याच वर्षीं ती मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ सालीं तीन वर्षांवर आणिली. आतां तपासणीचीं कलमें पुष्कळ झालीं आहेत. पण मूळची एक मर्यादा कायम आहे, आणि आमच्या प्रश्नाचा जन्म तीतच झाला. परीक्षकानें गाडीचा कोणताही भाग उकलून पाहावयाचा नसतो. तो पाहतो, हलवितो, दाबतो, लहानशा हत्यारानें हलकेंच ठोकून आवाज ऐकतो. बसणाऱ्याचा पट्टा जेथें अडकविलेला असतो, चाकांची जोडणी जेथें धरलेली असते, अशा स्थळांपासून तीस सेंटिमीटरांच्या आंत पत्रा सडून दुबळा झालेला आढळला तर गाडी नापास. परंतु जें गालिच्याखालीं आहे, जें दोन पत्र्यांच्या मध्यें आहे, तेथें त्याची दृष्टि पोंचत नाहीं व पोंचावी अशी अपेक्षाही नाहीं. सरकार हें मोकळेपणानें सांगतें: प्रमाणपत्राचा अर्थ इतकाच कीं गाडी तपासणीच्या वेळीं किमान अटींस उतरली, ती त्या प्रमाणपत्राची मुदत संपेपर्यंत रस्त्यास लायक राहील असा नव्हे. प्रमाणपत्र खिशांत असूनही धोकादायक गाडी चालविणें हा तेथें गुन्हाच आहे. एखाद्या विद्यापीठानें आपल्या पदवीपत्राच्या पाठीवर अशा आशयाचें वाक्य छापण्याचें धैर्य दाखविलें तर काय बहार होईल, असें आमच्या मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं.

आतां त्या उंबऱ्याकडे वळूं. दाराखालून, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत, पत्र्याची एक पोकळ पेटी जाते. इंग्रजही तिला उंबराच म्हणतात. या गाडीस ट्रकप्रमाणें वेगळा सांगाडा नाहीं. तिचें अंग हाच तिचा सांगाडा. त्यांतून छप्पर नाहीं. बंद गाडींत जें बळ छपरांतून वाहतें तें उघड्या गाडींत बहुतांशीं या दोन उंबऱ्यांस वाहावें लागतें. म्हणून तेथें बाहेरचा पत्रा, आंतला पत्रा आणि दोहोंच्या मध्यें मजबुतीसाठीं घातलेला तिसरा पत्रा, अशी योजना असते. टपावर पडणारें पावसाचें पाणी आसनांच्या मागच्या दोन नळ्यांतून खालीं जमिनीवर जावें अशीही सोय करणारांनीं ठेविलेली आहे. पण गाडी झाडाखालीं उभी राहिली कीं पानें कुजून त्या नळ्यांत बसतात, पाणी तुंबतें, आणि वाट मिळेल तसें उंबऱ्याच्या पोटांत उतरून तेथेंच राहतें. मग लोखंड आंतून सडूं लागतें. बाहेर रंगावर एखादा फोड दिसेपर्यंत आंतलें काम बरेंच उरकलेलें असतें. यांत करणारांचा दोष आम्हांस दिसत नाहीं; वर्षांतून एकदां त्या नळ्यांतून एक लवचीक तार फिरविली असती तर पुरें होतें. तेवढें तीस वर्षांत कोणीं केलें नाहीं.

भाच्यानें गाडी घेतली तेव्हां तिच्या प्रमाणपत्राचे चार महिने शिल्लक होते आणि त्यावर गंजाविषयीं एक अक्षर नव्हतें. पण पहिल्याच पावसांत आसनाखालचा गालिचा ओला लागला. त्याच्या बायकोनें फ्रिजच्या दारावरचें एक लोहचुंबक आणून दिलें. उजव्या उंबऱ्यावर तें पुढच्या भागीं घट्ट चिकटलें. मागच्या चाकाकडे नेतां नेतां एकाएकीं गळून पडलें. जेथें लोहचुंबक चिकटत नाहीं तेथें लोखंड नाहीं, हें अनुमान करण्यास तर्कशास्त्र नको. वरचा डांबरासारखा काळा लेप खरवडला तेव्हां त्याखालीं लांबी निघाली, म्हणजे रंगारी लोक खळगे भरण्यासाठीं वापरतात तो लगदा. लांबीखालीं तारेची जाळी. आणि जाळीस आधार म्हणून आंत कोंबलेला, फुटबॉलच्या सामन्यांचे निकाल छापलेला वर्तमानपत्राचा बोळा. मधला मजबुतीचा पत्रा तर हाताच्या चिमटींत चुरला. हें दाखविण्यासाठींच आम्हांस गाडीखालीं बोलाविलें होतें.

शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. त्यांचें सारें आयुष्य त्याच शहरांतील मोटारींच्या कारखान्यांत गेलेलें. त्यांनीं गुडघ्यावर बसून सर्व पाहिलें आणि जो सल्ला दिला तो आम्ही प्रामाणिकपणें येथें नमूद करतों, कारण त्यांचें म्हणणें लबाडाचें म्हणणें नव्हतें. ते म्हणाले, लांबी काढा, बाहेरून चांगला जाड पत्रा लावा, कडेनें अखंड वेल्डिंग करा, रंग द्या. परीक्षक जेथें ठोकील तेथें लोखंड असेल. आंतला पत्रा त्याला दिसणार नाहीं, आणि तो बदलावयाचा म्हणजे अर्धी बाजू कापून काढावी लागेल. खर्च गाडीच्या किमतीहून अधिक होईल. शिवाय भाच्याच्या घरीं दुसरें मूल येऊं घातलेलें असल्यामुळें दोन आसनांची ती गाडी वर्षभरांत विकावी लागणार, हें त्यांस ठाऊक होतें. मग हा उपद्व्याप कोणासाठीं? या शेवटच्या प्रश्नाचा रोख वेगळा होता, पण आमच्या मनास तो नेमका उलट लागला. ज्याच्यासाठीं हा उपद्व्याप करावयाचा तो मनुष्य अजून कोणासच माहीत नव्हता. तो एक दिवस येईल, तांबडा रंग पाहून भुलेल, प्रमाणपत्र पाहून निश्चिंत होईल, आणि आपल्या मुलीस शेजारीं बसवून निघून जाईल.

त्या वृद्ध गृहस्थांचा दुसरा मुद्दा अधिक वजनदार होता. कायद्यानें किमान मर्यादा ठरविली ती गरिबासही गाडी ठेवतां यावी म्हणून. मर्यादेपलीकडे जाण्याची ज्याची ऐपत आहे त्यानें जावें. पण ती नीति म्हणून सर्वांवर लादली तर चांगुलपणा ही श्रीमंतांची मिरास होऊन बसेल. ज्यानें तो वर्तमानपत्राचा बोळा कोंबला त्याच्या खिशांत त्या महिन्यास कदाचित् वीस पौंडही नसतील. सकाळीं कामावर जाण्यास दुसरें साधन नसेल. हें ऐकून आम्ही गप्प बसलों. दारिद्र्यांत माणूस जें करतो त्याचा निवाडा खुर्चींत बसून करणें सोपें असतें, आणि त्या वेळीं आम्ही खरोखरच खुर्चींत बसून चहा घेत होतों.

शिवाय आम्हांस स्वतःचीच एक गोष्ट आठवली. आम्ही ज्या महाविद्यालयांत शिकवीत होतों तेथें एकदां तपासणीसमिती येणार होती. ग्रंथालयांत पुस्तकांची संख्या नियमास पुरेशी भरत नव्हती. तेव्हां शेजारच्या एका संस्थेंतून सहाशें पुस्तकें हातगाडीवर घालून उसनीं आणिलीं, आमच्या कपाटांत मांडलीं, आणि समिती गेल्यावर चौथ्या दिवशीं परत केलीं. त्यांच्या पाठीवर आमच्या महाविद्यालयाच्या चिठ्ठ्या डकविणारांत आम्हीही होतों. आमचें अक्षर चांगलें असल्यामुळें तें काम आमच्याकडे आलें. समितीनें कपाटें पाहिलीं, संख्या मोजली, शिफारस केली. कोणाचें कांहीं बुडालें असें त्या दिवशीं वाटलें नाहीं. ज्या मुलांनीं पुढें तीन वर्षें त्या रिकाम्या कपाटांपुढें उभें राहून पुस्तकें मागितलीं, त्यांस मात्र कोणीं विचारलें नव्हतें. चुंबक गळून पडलें तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें प्रथम तीं कपाटें उभीं राहिलीं, आणि भाच्यास उपदेश करण्याचा आमचा अधिकार तेथल्या तेथें संपला.

न दिसणाऱ्या कृत्यांचा विचार जुन्या लोकांनीं केलेला नाहीं असें नाहीं. प्लेटोच्या रिपब्लिक ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत लिडियांतील एका मेंढपाळाची कथा येते. त्याला एक अंगठी सांपडते. तिचें कोंदण तळहाताकडे फिरविलें कीं तो अदृश्य होतो, आणि अदृश्य झाल्यावर तो राजास मारून राज्य बळकावतो. अशी अंगठी हातीं आल्यावर कोण नीतीनें वागेल, असा तेथला सवाल आहे. आपल्याकडे महाभारताच्या आदिपर्वांत शकुंतला भर सभेंत दुष्यंतास बजावते कीं कोणीं पाहिलें नाहीं असें समजूं नकोस. सूर्य, चंद्र, वायु, अग्नि आणि तुझें स्वतःचें हृदय हीं सर्व पाहत असतात. हा उपदेश थोर आहे. पण त्या रात्रीं विचार करितां आम्हांस असें वाटूं लागलें कीं त्यांत परीक्षकांची संख्या तेवढी वाढविली आहे. जेथें मानवी परीक्षक पोंचत नाहीं तेथें दैवी परीक्षक नेमला. ज्याची अशा साक्षीदारांवर श्रद्धा नाहीं त्याच्यापुढें प्रश्न जसाच्या तसा राहतो. उलट त्या उंबऱ्याची स्थिति पाहा. त्यास सूर्यचंद्रांची साक्ष लागत नाहीं. गाडी वळणावर झुकली कीं भार त्याच्यावर येतो, आणि तेथें पत्रा असेल तर पेलला जातो, वर्तमानपत्र असेल तर पेलला जात नाहीं. कोणी पाहो वा न पाहो, उंबऱ्याचें खरेंपण त्या भारापुढें ठरतें. परीक्षकाची हातोडी ही त्या भाराची एक लहानशी, सौम्य प्रतिनिधि असते. आणि आमची चूक अशी होते कीं आम्ही प्रतिनिधीस प्रसन्न करून मूळ धन्यास विसरतों.

परंतु एवढ्यानें सुटका होत नाहीं. भाच्यानें जेव्हां आंतला पत्रा बदलण्याचें ठरविलें तेव्हां वृद्ध गृहस्थांनीं विचारलें, "मग इंजिनाच्या पोटांतला दांडान् दांडा उघडून पाहणार काय?" हा प्रश्न थट्टेचा असला तरी उत्तराची अपेक्षा करणारा होता. न दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी घ्यावयाची म्हटली तर जगांत एकही गाडी दाराबाहेर पडणार नाहीं, आणि एकही मनुष्य दुसऱ्यावर विश्वास ठेवूं शकणार नाहीं. आम्हीं प्रथम असें सुचविलें कीं जें ठाऊक नाहीं त्याची जबाबदारी नाहीं, पण एकदां पाहिलेलें न पाहिल्यासारखें करतां येत नाहीं. हा भेद आम्हांस दोन दिवस समाधानकारक वाटला. तिसऱ्या दिवशीं भाच्यानेंच तो मोडला. तो म्हणाला, "मामा, असें असेल तर गालिचा न उचलणाराच शहाणा ठरतो." त्याचें म्हणणें खरें होतें. पुष्कळ सभ्य माणसांची सभ्यता गालिचा न उचलण्यावरच उभी असते. आम्हीं स्वतः त्या चिठ्ठ्या डकवितांना पुस्तकें कोठून आलीं हें विचारण्याचें कटाक्षानें टाळलें होतें.

आणि हा वाद केवळ शाब्दिक नव्हता, कारण डावा उंबरा शिल्लक होता. त्यावर चुंबक चिकटत होतें. ठोकल्यावर आवाज खणखणीत येत होता. परीक्षक त्यावर बोट ठेवणार नाहीं हें निश्चित. तो उघडण्याचें कांहीं कारण नव्हतें. एवढेंच कीं त्याही बाजूची नळी तितकींच वर्षें तुंबलेली होती. भाचा एक आठवडा त्या बाजूस फिरकला नाहीं. उजवीकडचें काम त्यानें एका वेल्डिंगवाल्याकडून जोरांत चालविलें, आणि डावीकडचा विषय निघाला कीं तो चहा करावयास उठे. ज्या भीतीनें मनुष्य वैद्याकडे जाण्याचें लांबवितो तीच ती भीति. आम्हीं कांहीं म्हटलें नाहीं. आमचा अधिकार संपल्याचें वर सांगितलेंच आहे. शेवटीं एका रविवारीं त्यानें आंतल्या बाजूस एक बारीक भोंक पाडलें आणि तारेच्या टोंकास बसविलेला लहानसा कॅमेरा त्यांतून आंत सोडला.

आंत जें दिसलें तें चांगलें नव्हतें व वाईटही नव्हतें. मधल्या पत्र्यावर तांबूस पापुद्रे चढलेले होते. भोंक कोठेंही नव्हतें. कापून काढावा इतका तो सडला नव्हता, आणि निरोगी म्हणावा इतका स्वच्छही नव्हता. आयुष्यांतील बहुतेक गोष्टी याच अवस्थेंत सांपडतात, पण नीतीवर लिहिणारे नेहमीं पहिल्या उंबऱ्याचींच उदाहरणें घेतात. भाच्यानें तो उंबरा कापला नाहीं. त्यानें आंत पातळ मेण सोडलें, नळी साफ केली, आणि कॅमेऱ्यांतील चित्रें जपून ठेविलीं. वृद्ध गृहस्थांस हें पसंत पडलें. आम्हांसही पसंत पडलें, आणि तेव्हां आमच्या ध्यानीं आलें कीं त्या वर्तमानपत्राच्या बोळ्यावर आमचा राग होता तो गंज तसाच ठेविल्याबद्दल नव्हता. गरिबानें गंज ठेवावा. त्याला तो ठेवण्याचा हक्क आहे, आणि परीक्षकानें तो पाहून काय तें ठरवावें. २०१८ पासून तेथील प्रमाणपत्रावर दोषांची प्रतवारी असते, आणि जे दोष नापास करण्याइतके नाहींत त्यांचीही सूचना परीक्षक लिहूं शकतो; म्हणजे अर्धवट गंजास तेथें कागदावर जागा आहे. लांबी भरणारानें ही जागाच चोरली. पुढच्या मालकास जी गोष्ट कळून तो आपला निर्णय करूं शकला असता, ती त्याच्यापासून काढून घेतली. उसन्या पुस्तकांचेंही तेंच. कपाटें रिकामीं होतीं याची लाज नव्हती. महाविद्यालय गरीब होतें.

उजव्या बाजूचा पत्रा कापून बाहेर ठेविला तेव्हां तो आमच्या घरच्या जुन्या पन्हाळीसारखा दिसत होता. इतकें कापल्यावर ही तीच गाडी राहिली काय, असें आम्हीं सहज विचारलें. कारण मिलिंदप्रश्नांतील नागसेन भिक्षूनें राजापुढें रथाचा कणा, चाकें, जूं यांपैकीं रथ कोणता असें विचारून त्यास निरुत्तर केल्याची कथा त्या वेळीं आठवणें अपरिहार्य होतें. या प्रश्नास इंग्रज सरकारनें पुष्कळ वर्षें मोठें मजेदार उत्तर देऊन ठेविलें होतें. फार फेरफार झालेल्या गाडीचें जुनें नांव टिकावयाचें तर तिला आठ गुण मिळाले पाहिजेत: मूळच्या अंगाचे पांच, चाकांच्या जोडणीचे दोन, आंसांचे दोन, याप्रमाणें, आणि इंजिनाचा अवघा एक. नागसेनास हे गुण कळले असते तर तो हंसला असता. तथापि त्यांत एक शहाणपण आहे. गर्जना करणाऱ्या भागापेक्षां मुकाट्यानें भार वाहणाऱ्या भागास त्यांनीं पांचपट मान दिला.

एक गोष्ट आणखी सांगितली पाहिजे. चाळीस वर्षें पुरीं झालेल्या व मूळ रूपांत फारसा फरक न पडलेल्या गाडीस त्या देशांत २०१८ पासून तपासणींतून सूट आहे. भाच्याची गाडी तोंवर टिकली तर २०३० सालानंतर तिच्यावर कोणीही हातोडी मारणार नाहीं. कायदा मात्र असें सांगून मोकळा होतो कीं ती रस्त्यास लायक ठेवण्याची जबाबदारी मालकाचीच. म्हणजे जेव्हां लोखंड सर्वांत दुबळें होईल नेमका तेव्हांच परीक्षक निघून जातो. याचें व्यावहारिक कारण आहे. अशा गाड्या थोड्या असतात आणि त्यांचे मालक त्यांस लेकराप्रमाणें जपतात, असा अनुभव आहे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें खासगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, आणि तिची खरी तपासणी त्यानंतर नोंदणी वाढवितांना होते, हें आम्हीं त्या वृद्ध गृहस्थांस सांगितलें. त्यावर ते म्हणाले कीं दोन्ही देशांनीं मिळून एक चांगला कायदा होईल.

जूनच्या अखेरीस तपासणी झाली. आम्ही कांचेपलीकडच्या बाकावर बसलों होतों. परीक्षक तिशींतला असावा. त्यानें गाडी वर उचलून घेतली, खालून दिवा फिरविला, आणि उजव्या उंबऱ्यावर चार ठिकाणीं ठोकलें. नंतर डाव्यावर चार ठिकाणीं. आवाज आमच्या कानास दोन्हीकडे सारखाच आला. भाचा उठला, आंत गेला, आणि मोबाइलवरील चित्रें त्याच्यापुढें धरून डाव्या बाजूविषयीं कांहीं सांगूं लागला. त्या मनुष्यानें थोडें नवलानें पाहिलें, मान हलविली, आणि आपणांस जें दिसतें त्यावरच आपणांस लिहावें लागतें असें सौजन्यानें सांगितलें. गाडी उतरली. सूचनेच्या रकान्यांत पुढच्या एका टायरची कड झिजल्याची नोंद होती; उंबऱ्याविषयीं कांहीं नव्हतें.

भाच्यानें त्या संध्याकाळीं चित्रांच्या कागदावर प्रती काढल्या, उजव्या बाजूच्या चौदा व डाव्या बाजूच्या सहा, आणि वेल्डिंगवाल्याच्या पावतीसह त्या एका लिफाफ्यांत घालून आसनापुढच्या कप्प्यांत ठेविल्या. गिऱ्हाइकानें त्या पाहिल्या तर किंमत दोनअडीचशें पौंडांनीं कमी येईल, असा शेजाऱ्यांचा अंदाज पडला. भाचा त्यावर कांहीं बोलला नाहीं. आम्ही निघावयाच्या आदल्या दिवशीं तेथें मुसळधार पाऊस झाला. तो टप मिटून, छत्री घेऊन, गाडीच्या मागच्या चाकाशीं वांकून उभा राहिला आणि त्यानें आम्हांस हांक मारिली. दोन्ही नळ्यांच्या तोंडांतून पाणी जमिनीवर पडत होतें. डावीकडे धार जरा बारीक होती. तो तार आणावयास घरांत गेला.